मोटार भरायचं दुकान टाकताय? आधी गिऱ्हाइकाचं पाणी किती दिवस बंद राहतं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आयटीआय इलेक्ट्रिशियन झाला आहात, चाकणला कंत्राटी कामगार म्हणून कंपनीत आहात आणि आता सांगोला तालुक्यात गावाकडे परत येऊन मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं दुकान टाकायचं मनात आहे. हाताशी अडीच लाख आहेत. बाजारात अशी तीन दुकानं आधीच आहेत, म्हणून रेट कमी ठेवून गिऱ्हाईक ओढावं की एखाद्या पंप कंपनीची एजन्सी घ्यावी, आणि मशिनरी कोणती घ्यावी, हे तुम्ही विचारलंय. माझं दुकान खानापूर तालुक्यात आहे. तुमचा आणि आमचा पट्टा पाण्याच्या बाबतीत सारखाच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

रेट, एजन्सी, मशिनरी हे तिन्ही प्रश्न दुकानदाराच्या खुर्चीत बसून पडलेले आहेत. तुम्ही काउंटरच्या पलीकडे या. मोटार जळलेला शेतकरी पिकअपमध्ये किंवा मोटरसायकलला बांधून मोटार घेऊन येतो, तेव्हा त्याच्या तोंडात पहिलं वाक्य "किती पैसे होतील?" हे नसतं. तो विचारतो, "कधी मिळेल?" डाळिंबाचा ताण (बहारासाठी बंद ठेवलेलं पाणी) तोडून नुकतं पहिलं पाणी दिलेलं असतं, किंवा एप्रिलची खरड छाटणी होऊन द्राक्षाचे डोळे फुटायला आलेले असतात, आणि तेवढ्यात मोटार बसते. गोठ्यातल्या जनावरांचं पाणीही त्याच मोटारीवर असतं. भरण्याचं बिल त्याला जड जातं हे खरं, पण त्याचं मोठं नुकसान रानात चाललेलं असतं. म्हणून तीन दुकानांत चौथं चालेल का, हे ठरवायला मी दोनच गोष्टी बघेन. मार्च ते मे या काळात मोटार दुकानात टाकल्यापासून पाणी पुन्हा चालू होईपर्यंत तुमच्याकडे किती दिवस जातात? आणि भरून नेलेली मोटार त्याच कारणाने पुन्हा किती वेळा जळते? या दोन्हींत लोक त्रासलेले असतील, तर जागा आहे. आहेत ती तिन्ही दुकानं वेळेत आणि नीट काम देत असतील, तर फक्त स्वस्त रेटवर तुम्ही टिकणार नाही. मग दुसरा तालुका बघा.

बरंचसं तुमच्या गावाच्या पाण्यावर अवलंबून आहे, आणि ते इथे बसून मला सांगता येणार नाही. टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, सांगोला या तालुक्यांत आलं. जिथे आवर्तन पोचतं तिथे विहिरी आणि शेततळी भरतात, आणि दुकानात येणारं काम मोनोब्लॉक (पाण्याबाहेर बसणारा मोटार-पंपाचा एकच संच) आणि ओपनवेलचं (विहिरीत बुडवून चालणारी मोटार) असतं. अशी मोटार दोन माणसं तासाभरात काढतात. पाणी न पोचलेल्या गावात खोल बोअर आणि त्यात व्ही-४ किंवा व्ही-६, म्हणजे चार किंवा सहा इंची पाणबुडी मोटार. ती काढायची म्हणजे कपी लावायची किंवा ट्रॅक्टरवरचं मशीन बोलवायचं, एकेक पाईप उकलायचा, केबल सोडवायची, आणि भरून आल्यावर हे सगळं उलट करायचं. काढण्या-सोडण्याचा खर्च म्हणजे वेगळं दुसरं बिलच. तुमच्याकडे खोल बोअर जास्त असतील तर एक वेळ एक दिवस उशीर चालेल, पण कच्चं काम अजिबात चालणार नाही, कारण मोटार पुन्हा जळली तर शेतकऱ्याला काढण्याचे पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागतात. विहिरी आणि शेततळी जास्त असतील तर घाईला महत्त्व येतं. गावाच्या आसपास वीसेक किलोमीटर फिरून हे आधी बघून घ्या.

आता मुख्य कामाकडे येतो. मोटार भरणं शिकता येतं. कॉइल किती आट्यांची (वेढ्यांची), तार किती गेजची (जाडीची), पिच (कॉइलच्या दोन बाजूंतलं अंतर) किती, हे जुनं वायंडिंग उकलताना मोजून लिहून ठेवलं की हात बसतो. बहुतेक दुकानं मात्र मोटार का जळली हे बघायच्या आधीच जळकी तार कापून पोत्यात टाकतात. तार कापण्याआधी दोन मिनिटं स्टेटर (मोटारीचा न फिरणारा, तार भरलेला भाग) उजेडात धरून बघा. तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच काळ्या पडल्या असतील तर मोटारीवर लोड जास्त होता किंवा व्होल्टेज सतत कमी होतं. बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) धरला असेल, पंपात वाळू गेली असेल, किंवा स्टार्टरचा रिले (अँपिअर वाढले की मोटार बंद करणारा) वर सरकवून ठेवलेला असेल. काही कॉइल कोळसा आणि बाकीच्या नव्यासारख्या चकचकीत दिसल्या तर एक फेज गेलेला असताना मोटार चालत राहिली असं समजा. कॉइल जोडायच्या दोन पद्धती, स्टार आणि डेल्टा. मोटार स्टारमध्ये जोडलेली असेल तर दोन फेज जळतात आणि एक राहतो, डेल्टामध्ये असेल तर एक जळतो आणि दोन राहतात. एकाच ठिकाणी बोटाएवढा डाग पडून तार वितळली असेल तर तिथे इन्शुलेशन फाटलेलं होतं किंवा पाणी शिरलं होतं. पाणबुडी मोटारीचं थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टचा भार पेलणारं) घासून गेलं असेल आणि मोटारीत भरलेलं पाणी आटलेलं असेल तर बोअरचं पाणी खाली गेलं आणि मोटार कोरडी फिरली.

हे गिऱ्हाइकाला दाखवा. तो समोर असेल तर स्टेटर त्याच्या हातात द्या, नसेल तर फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाका, आणि सोबत साध्या भाषेत एक ओळ लिहा: "एक फेज गेल्यावर मोटार चालू राहिली, म्हणून जळली. स्टार्टरला प्रिव्हेंटर बसवल्याशिवाय सोडू नका." (प्रिव्हेंटर म्हणजे एक फेज गेला की मोटार बंद करणारं उपकरण.) बिलात मजुरी, तार आणि सामान येईल, पण लोक परत येतात ते या एका ओळीसाठी. कारण न शोधता भरलेली मोटार नशिबावर चालते, आणि ती पुन्हा जळली की दोष तुमच्या भरण्यावर येतो.

कारण मोटारीत नसून रानात असेल, तर तिथे गेल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे फार आढळणारं एक उदाहरण देतो. विहीर डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, मध्ये तीनशे मीटर केबल आणि ती अडीच एमएमची. ५ एचपीची मोटार एचपीला दीड अँपिअर या हिशोबाने साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. एवढ्या लांब, एवढ्या बारीक केबलमध्ये पंचवीसेक व्होल्ट वाटेतच जातात. संध्याकाळी डीपीवरच व्होल्टेज साडेतीनशेच्या घरात असेल तर मोटारीपर्यंत काय पोचणार? ती अँपिअर जास्त ओढते, तापते आणि एका हंगामात जाते. अशा ठिकाणी मोटार कितीही उत्तम भरा, केबल बदलल्याशिवाय उपयोग नाही. केबलचा खर्च मोठा आहे, शेतकरी लगेच तयार होणार नाही. तरी व्होल्टेज मोजून आकडा त्याला सांगायचा, बिलाच्या मागे लिहून द्यायचा. पुढच्या उसाच्या बिलाला किंवा डाळिंबाच्या पट्टीला तो केबल बदलतो, असं मी पुष्कळ वेळा पाहिलंय.

लाईट आली की मोटार आपोआप चालू करणाऱ्या ऑटो स्विचचंही तसंच. महावितरण सांगतं की ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा, आणि त्यामागचं कारण बरोबर आहे. लाईट आली की फीडरवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, व्होल्टेज खाली बसतं, डीपी जळते, आणि डीपी जळली की सगळ्या शिवाराचं पाणी बंद. पण रात्रीची पाळी असताना अंधारात, बिबट्या आणि सापाच्या भीतीत विहिरीवर कोण जाणार? शेतकरी हौसेने ऑटो बसवत नाही. त्याला "ऑटो काढ" एवढंच सांगितलं तर तो मान हलवेल आणि ठेवेलच. माझा मार्ग असा: उशिरा सुरू करणारा टायमर, सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि पाणी संपल्यावर बंद करणारं संरक्षण असलेलं पॅनेल बसवायचं, एकाच डीपीवरच्या चार-पाच जणांचे टायमर वेगवेगळ्या मिनिटांवर लावायचे, आणि प्रत्येकाला योग्य मापाचा कपॅसिटर द्यायचा. कपॅसिटरमुळे लाईनवरचा करंट उतरतो आणि त्या डीपीवरच्या सगळ्यांनाच थोडं व्होल्टेज जास्त मिळतं. एका डीपीवरच्या लोकांना असं एकत्र बसवून काम केलं की ती डीपी बहुधा कायमची तुमची गिऱ्हाईक होते. मात्र डीपीचा फ्यूज टाकायला कोणी कितीही गळ घातली तरी चढायचं नाही. ते लाईनमनचं काम आहे. दरवर्षी त्यात माणसं जातात. आणि स्टार्टरला अर्थिंग नसेल तर ते केल्याशिवाय मोटार चालू करून द्यायची नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

मोटार सोडल्यावर लगेच निघू नका. दहा मिनिटं थांबा. टंग टेस्टरने (तारेभोवती अडकवून अँपिअर मोजायचं मीटर) तिन्ही फेजचे अँपिअर घ्या, व्होल्टेज घ्या, आणि ते आकडे तारखेसह स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने पक्क्या मार्करने लिहा. खाली तुमचा फोन नंबर. पुढे कधी मोटार आवाज करायला लागली की शेतकरी झाकण उघडतो, आकडे दिसतात, नंबर दिसतो, आणि तुम्ही फोनवर सांगू शकता की मीटर लावून आज किती येतंय ते बघा. आधी ७, ७, ७ होतं आणि आता ९, ९, ९ येतंय म्हणजे पंप किंवा बुश. ७ चं एका फेजला ४ आणि दुसऱ्याला १० झालं म्हणजे लाईनची तक्रार. मोटार जळायच्या आधीच ती ओळखता येते. दुकानाच्या वहीतही हेच उतरवा: गिऱ्हाइकाचं गाव, बोअरची खोली, मोटार कोणती, तार कोणती भरली, आकडे, जळण्याचं कारण. दोन-तीन वर्षांनी ही वही दुकानातल्या कुठल्याही मशीनपेक्षा जास्त उपयोगी पडते. मोटार न उघडताच तार किती लागणार हे सांगता येतं.

आता "कधी मिळेल?" या प्रश्नाकडे. नीट काम आणि घाई एकमेकांच्या आड येतात. मोनोब्लॉक भरल्यावर वार्निश आत मुरलं पाहिजे आणि पूर्ण वाळलं पाहिजे. पाणबुडी मोटारीचा भरलेला स्टेटर मी रात्रभर पाण्यात बुडवून सकाळी मेगर (इन्शुलेशन तपासायचं मीटर) लावतो, त्याशिवाय जोडत नाही. गिऱ्हाईक मात्र दारात उभं राहून विचारत असतं. दबावाखाली वार्निश ओलं असताना मोटार जोडली जाते, आणि हंगामात परत येणाऱ्या मोटारींचं हे एक मोठं कारण आहे.

यावर माझा उपाय म्हणजे उसनी द्यायची मोटार. तुमच्या अडीच लाखांतले काही पैसे वाइंडिंग मशीनपेक्षा यात घाला असं मी सांगेन. एक ३ एचपी आणि दोन ५ एचपी, ओपनवेल आणि मोनोब्लॉक, जुन्या घेतलेल्या आणि स्वतः भरून तयार ठेवलेल्या. सौर पंप बसवलेल्या शेतकऱ्यांकडे जुन्या मोटारी पडून असतात, त्या चांगल्या मिळतात. ज्याची मोटार जळली तो ती दुकानात टाकतो आणि तुमची मोटार घेऊन जातो. त्याच दिवशी पाणी चालू. मी भाडं घेत नाही. त्याची स्वतःची मोटार दुकानात असल्याने अनामतही लागत नाही. फक्त प्रिव्हेंटर असलेल्या स्टार्टरवरच चालवायची ही अट घालतो आणि तो नसेल तर आधी बसवून घेतो. यातून दोन गोष्टी साधतात. गिऱ्हाइकाचं पाणी थांबत नाही, आणि तुम्हाला काम करायला शांतपणा मिळतो. खोल बोअरला हे जमत नाही, कारण उसनी मोटार सोडून परत काढायची म्हणजे शेतकऱ्याचा दुप्पट खर्च. तिथे मी वेगळं करतो. भागात जास्त चालणाऱ्या एक-दोन मापांचे स्टेटर पावसाळ्यात भरून, पाण्यात तपासून ठेवतो. त्याच मापाची मोटार आली की स्टेटर बदलून दुसऱ्या दिवशी देता येते, आणि त्याचा जळका स्टेटर माझ्या साठ्यात जातो.

रेट कमी ठेवायचं तुमच्या मनातून काढून टाका. या धंद्यात रेट उतरवायचा तर कुठूनतरी काढावा लागतो, आणि तो तारेतूनच निघतो. एक गेज बारीक तार, दोन आटे कमी, तांब्याच्या जागी अॅल्युमिनियम, जुनाच बुश पुसून परत. यातलं काहीही गिऱ्हाइकाला बाहेरून दिसत नाही, आणि म्हणूनच या धंद्यावर लोकांचा विश्वास कमी आहे. नव्या दुकानाला खरी संधी इथेच आहे. वजनकाटा काउंटरवर ठेवा, आत नको. नवी तार भरायला घेताना किती वजन ते लिहा, उरलेली परत तोला, लागली तेवढीच बिलात धरा. जळकं तांबं उकलून निघालं की तेही त्याच काट्यावर गिऱ्हाइकासमोर ठेवा. जुन्या तांब्याला चांगला भाव असतो आणि ते गिऱ्हाइकाचं असतं. त्याला न्यायचं असेल तर द्या, ठेवायचं असेल तर त्या दिवसाच्या मोडीच्या भावाने बिलातून वजा करा. बरीच दुकानं ते न विचारता ठेवून घेतात आणि मजुरी कमी दाखवतात. तुम्ही मजुरी पूर्ण लावा आणि तांबं वजा करा. शेवटचा आकडा जवळपास तोच येतो, पण हिशोब समोर असतो. तांब्याचा भाव सारखा हलतो, म्हणून फोनवर पक्का आकडा सांगू नका. मजुरी सांगा आणि तार त्या दिवसाच्या भावाने म्हणा.

जुना स्टेटर उकलायला तो आगीत टाकायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. तार पटकन निघते, पण स्टेटरच्या पत्र्यांमधलं इन्शुलेशन जळतं आणि त्यानंतर ती मोटार कायमची गरम चालते, वीज जास्त खाते. तार कापून, थोडी उष्णता देऊन ओढून काढा. वेळ लागतो, पण मोटारीचं आयुष्य राहतं. आणि जी मोटार तीन-चार वेळा भरली गेली आहे, पत्रे काळे पडलेत, शाफ्ट झिजलाय, ती भरायला घेऊ नका. "ही भरण्यासारखी राहिली नाही" हे सांगायची सवय पहिल्या दिवसापासून ठेवा.

नाही म्हणायची अजून एक जागा फोनवर असते. "मोटार चालत नाही, काढायला लावू का?" असा फोन आला की आधी विचारा: तिन्ही फेज आहेत का? स्टार्टर नुसता हूं करतो की पकडून सोडतो? मोटार फिरते पण पाणी येत नाही, असं आहे का? त्यातल्या पुष्कळ मोटारींना काहीच झालेलं नसतं. फ्यूज गेलेला, स्टार्टरचं कॉन्टॅक्ट जळलेलं, केबलचा सांधा सुटलेला, फेज उलटे झाल्याने पंप उलटा फिरणारा. तिथे जाऊन अर्ध्या तासात काम करा आणि येण्याची मजुरी घ्या. बोअरमधून मोटार काढायचा खर्च वाचला हे तो माणूस चार ठिकाणी सांगतो. नव्या दुकानाला याहून चांगली जाहिरात मला माहीत नाही.

उधारीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण दुकानं बंद पडतात ती यानेच. शेतकऱ्याकडे पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही आणि तुमचा हंगाम नेमका त्याच्या ओढाताणीच्या काळात असतो. उधारी द्यावीच लागेल, फक्त ती त्याच्या पिकाला बांधा. दुधाचा पगार बहुतेक डेअऱ्यांकडून दहा दिवसांनी येतो, तर गाई असलेल्याला दोन-तीन पगारांत फेडायला सांगा. डाळिंबवाल्याची तारीख माल उतरण्याची. उसाचं पेमेंट कायद्याने ऊस गेल्यापासून १४ दिवसांत मिळायला हवं, प्रत्यक्षात ते कधी हप्त्यांत येतं, तर तारीख पहिल्या हप्त्याची धरा. वहीत नावापुढे रक्कम आणि पीक दोन्ही लिहा. आणि एक नियम मोडू नका: तार आणि सामान रोख, मजुरी उधार. तार तुम्ही व्यापाऱ्याकडून रोखीने आणता. ती उधारीत गेली की पुढच्या मोटारीला तार राहत नाही आणि ऐन मे महिन्यात दुकान रिकामं बसतं. मजुरी अडकली तर घर जरा ओढून चालवावं लागतं, पण दुकान चालू राहतं.

पाऊस लागला की काम एकदम उतरतं. जून ते सप्टेंबर या महिन्यांसाठी दुसरं काम आधीच बघून ठेवा. आमच्या विट्याकडे यंत्रमाग आणि पोल्ट्री आहे, त्यांच्या छोट्या मोटारी आणि पंखे बारा महिने येतात. तुमच्याकडे कडबा कुट्टीच्या आणि पिठाच्या गिरणीच्या मोटारी असतील, दूध संकलन केंद्राच्या असतील. उसन्या मोटारी तयार करणं, स्टेटर भरून ठेवणं हेही याच दिवसांत करायचं.

एजन्सी पहिली दोन वर्षं तरी घेऊ नका. माल भरावा लागतो, पैसा अडकतो, आणि कंपनीचं टार्गेट येतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे तुमच्याकडे विकायला नवा पंप असेल तर "ही मोटार भरण्यासारखी नाही" या तुमच्या शब्दावर शंका घेतली जाते. त्याऐवजी नवा पंप घ्यायला निघालेल्या गिऱ्हाइकाला माप काढून द्या: बोअरला पाणी किती, हेड (पाणी चढवायची उंची) किती, पाईप कोणता. साडेसात एचपी लावून दोन तासांत बोअर कोरडा करणारे पुष्कळ असतात, त्यांना ३ एचपी पुरली असती. हे लिहून द्या आणि पंप त्यांना हवा त्या दुकानातून घेऊ द्या. पुढे दुरुस्तीला ते तुमच्याकडेच येतील.

मशिनरीचं उत्तर लहान आहे. हाताने फिरवायचं कॉइल मशीन, चांगला टंग टेस्टर, ५०० व्होल्टचा मेगर, मायक्रोमीटर, बेअरिंग पुलर, चेन पुली, वजनकाटा, आणि मोटार बुडेल एवढी टाकी. टेस्टर आणि मेगरमध्ये काटकसर नको. माझ्या हिशोबाने तुमच्या पैशातला एक तृतीयांश हत्यारांना, एक तृतीयांश तार आणि बुश-सीलला, आणि राहिलेला उसन्या मोटारी आणि उधारीला. लेथ घेऊ नका, शाफ्टचं काम बाहेरून करून घ्या. दुकानाची उद्यम नोंदणी ऑनलाइन मोफत होते, कोणाला पैसे देऊ नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत अशा सेवेच्या कामाला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. थोडं कमी पडलं तर मुद्रा योजनेतलं ५० हजारांपर्यंतचं शिशु कर्ज बघा, त्याहून मोठं कर्ज सुरुवातीला नको.

सौर पंपामुळे हा धंदा संपेल का, अशी शंका बरेच जण काढतात. पीएम-कुसुम २०१९ मध्ये आली, राज्याची मागेल त्याला सौर कृषी पंप योजना त्यानंतर आली, आणि त्यात शेतकऱ्याला १० टक्केच रक्कम भरावी लागते, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. वायंडिंगचं काही काम त्यामुळे कमी होणार हे धरून चला. पण या पंपांना पाच वर्षांची हमी असते, आणि ती संपत आलेल्यांची संख्या वाढत जाईल. मोटार, बुश, पंपाचे इंपेलर तिथेही झिजतातच. नवीन आहे तो कंट्रोलर आणि पॅनेलची जोडणी. तुम्ही कंपनीत ड्राइव्ह आणि पॅनेल हाताळले असतील तर आमच्यापेक्षा तुम्हाला ते लवकर येईल. चाकणमध्ये असेपर्यंत तेवढं पक्कं शिकून घ्या.

नोकरी सोडून लगेच दुकान टाकू नका. आधी एक उन्हाळा दुसऱ्या तालुक्यातल्या एखाद्या चांगल्या दुकानात हाताखाली काम करा, पगार कमी मिळाला तरी चालेल. फेब्रुवारी ते मे एवढाच काळ पुरतो, कारण जळण्याचे सगळे प्रकार त्या चार महिन्यांत हाताखालून जातात. आपल्याच गावातल्या दुकानात शिकून शेजारी दुकान टाकलं की संबंध बिघडतात, आणि त्या तिघांची तुम्हाला गरज पडणार आहे. ऐन हंगामात एखाद्या मापाचा बुश तुमच्याकडे नसेल तर तो त्यांच्याकडूनच मिळतो, आणि त्यांच्याकडे गर्दी झाली की ते मोटार तुमच्याकडे पाठवतात. दुकान उघडायचं ते दिवाळीनंतर लगेच, म्हणजे हंगामाआधी तीन महिने उसन्या मोटारी तयार करायला आणि गावोगाव ओळख करून घ्यायला मिळतात. तुमच्या भागात बोअर जास्त की विहिरी, आणि साधारण खोली किती, हे कळवलंत तर कोणत्या मापाचे स्टेटर भरून ठेवावेत ते मी नक्की सांगू शकेन.